धुणं वाळतं वाऱ्यानं

चिपळूणजवळचं माहेर, लग्नानंतर गिरगावातली चाळ आणि आता पुण्यातला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. या तीन घरांत मी धुणं वाळत घातलं आणि तिन्ही घरांची रीत वेगळी होती. कपडे धुण्याबद्दल आम्ही बायका भरभरून बोलतो. कुठली पावडर, कुठलं मशीन, हळदीचा डाग कशानं जातो. वाळत घालण्याबद्दल मात्र कुणी कुणाला मुद्दाम सांगत नाही. ते बघत बघत हातात येतं. माझ्या हातात जे आलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

१. कपडे वाळवण्याचं श्रेय उन्हाला मिळतं, पण त्यातलं बरंचसं काम वारा करतो. हे मला आजीमुळे कळलं. आभाळ भरलेलं असलं तरी झाडाची पानं हलताना दिसली की ती नऊवारी बाहेर काढायची. कोंदट, चटक्याच्या उन्हात मात्र ती घाई करायची नाही. कपड्याला चिकटलेली हवा ओलीनं भरून जाते. ती तिथून हलली नाही तर कपड्यातल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि एप्रिलच्या दुपारी पुण्यात ती ३० टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणूनच जो टॉवेल गिरगावात दोन दोन दिवस लोंबत राहायचा तो इथे दुपारच्या चहाच्या आत कडक होतो. आजी म्हणायची, “कपडा टांगू नको गो, उघड.” अजूनही दोरीशी उभी राहिले की तेच ऐकू येतं. पिळा सोडायचा, दोन्ही हातांनी सणसणीत झटकायचा, खिसे बाहेर ओढायचे, जीन्स उलटी करायची, शर्टाला खांद्याशी न धरता खालच्या काठाशी धरायचं, दोन जाड कपड्यांच्या मध्ये एक पातळ घालायचा. यातली प्रत्येक गोष्ट वाऱ्याला आत शिरायला जागा करून देते.

२. पावसाळ्यात कोकणातल्या बाईची निम्मी बुद्धी कपडे वाळवण्यात खर्च होत असे, आणि तिला ती कधी बुद्धी वाटली नाही. पडवीत आढ्याला टांगलेल्या दांड्या, त्यावर काठीनं सरकवलेली लुगडी, चुलीवरच्या उबेला आणखी एक दांडी. सगळ्यात कठीण होती ती बाळाची दुपटी आणि लंगोट. दिवसाला ढीगभर निघायचे आणि बाहेर चार महिने पाऊस. मग घमेल्यात निखारे काढायचे, त्यावर वेताचं डालगं उपडं घालायचं आणि त्यावर दुपटी पसरायची. दुपटं गरम व्हायचं, त्याला धुराचा मंद वास लागायचा आणि तो वास बाळाच्या अंगालाही यायचा. पण त्या डालग्याजवळून कुणी उठू शकत नसे. जरा दुर्लक्ष झालं की कापड करपणार. माझ्या काकूच्या कितीतरी दुपारी अशा डालग्याशेजारी गेल्या. घरातल्या कुणी त्या वेळाला काम म्हटलं नाही. “बसलीय तिथे” असंच म्हणायचे.

३. धुणं हा सणही असतो, हे मी आजोळी पाहिलं. आजोळ कराडकडचं. दसऱ्याच्या आधी, घट बसायच्या आत, घरातला कापडाचा प्रत्येक तुकडा नदीवर जायचा: गोधड्या, वाकळी, घोंगड्या, पडदे, अगदी पोत्यांचं बारदानही. कृष्णेच्या काठावर खडकांवर आणि कुंपणांवर गावच्या गाव पसरलेलं असायचं. भिजलेली वाकळ एका बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून उलटसुलट पीळ द्यायच्या आणि पाणी धारेनं खाली पडायचं. लहानपणी मला ती नुसती धांदल वाटे. पुढे संसार केला तेव्हा त्यामागचा हिशेब कळला. चार महिन्यांची ओल अंथरुणात मुरलेली असते, पाऊस ओसरायला लागलेला असतो, ऊन पुन्हा तापू लागतं आणि नदीला भरपूर पाणी असतं. जाड वाकळ एका दिवसात आतपर्यंत सुकायची तर वर्षात यापेक्षा चांगले दिवस नाहीत. हा हिशेब कुणी लिहून ठेवला नव्हता. तो घटस्थापनेला बांधून दिला, म्हणून तो चुकला नाही.

४. चिमटा दोरीवर राहता कामा नये. घरात या एका गोष्टीवर माझा आग्रह असतो आणि तो मी सोडलेला नाही. प्लास्टिकचा चिमटा उन्हात ठिसूळ होतो, मग एक दिवस दाबताच त्याचे दोन तुकडे हातात येतात. तो निकृष्ट होता असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात वर्षभर रोज कपडे दोन तास उन्हात होते आणि चिमटा दहा तास. लाकडी चिमटा पावसात फुगतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि ती पांढऱ्या सदऱ्यावर उतरते. स्प्रिंग गंजली की तांबूस डाग पडतो. तो लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला तर निघतो, पण दर वेळी नाही. स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट १८५३ मध्ये अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या डेव्हिड स्मिथ यांनी घेतलं. दोन दांड्या, मध्ये एक तार, ढोबळ मानानं हीच रचना आजही आपल्या हातात आहे. इतकी वर्षं फारशी न बदललेल्या वस्तूला संध्याकाळी डब्यात जागा द्यावी, एवढं तरी आपण करू शकतो.

आणि डबा कुठला, हेही महत्त्वाचं. सासूबाई डालडाच्या जुन्या डब्यात चिमटे ठेवत. एका शेजारणीनं जुन्या पॅन्टचा पाय कापून हँगरला पिशवी शिवली होती. ती दोरीवरून सरकत तिच्याबरोबर पुढे जायची. हात वर करून कपडा लावताना खाली वाकावं लागत नसे, आणि ज्यांची कंबर दुखते त्यांना या सोयीची किंमत ठाऊक आहे. मी कापलेली बाटली ग्रिलला तारेनं बांधते, पण तिच्या तळाला भोकं पाडून. पावसाचं पाणी अशा डब्यात साचतं आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. आपण बादल्या, कुंड्या, टायर तपासतो. चिमट्यांच्या डब्यात कुणी डोकावत नाही.

५. चाळीत दोरी आपली असते, पण पाऊस सगळ्यांचा असतो. “पाऊस आला, कपडे काढा!” अशी हाक एका गॅलरीतून उठली की ती सगळ्या मजल्यांवरून फिरायची. जी घरी असेल ती आपले काढायची आणि मग जी घरी नसेल तिचेही. मी दादरला नोकरीला होते. कितीतरी संध्याकाळी घरी आले तर शेजारच्या काकूंच्या कॉटवर आमच्या कपड्यांची घडी तयार असायची. त्या घडीत माझी मापंसुद्धा त्यांना माहीत झाली होती आणि त्याचं मला कधी अवघड वाटलं नाही. चिमटेही घराघरांत फिरायचे, म्हणून काही जणी आपल्या चिमट्यांना रंगीत दोरा बांधत. आता सातव्या मजल्यावर पाऊस आला तर समोरच्या बाल्कनीतले भिजणारे कपडे मला दिसतात. दार कुलूपबंद असतं आणि माझ्याकडे त्यांचा फोन नंबरही नसतो. मध्यंतरी मी तो मागून घेतला. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला फोन करून माझ्या उशा आत घ्यायला सांगितलं.

६. सगळ्या कपड्यांना सारखं ऊन मिळत नाही. हे लक्षात आल्यावर मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होते, आणि हा मुद्दा लिहिण्यासाठीच खरं तर मी बसले आहे. पुरुषांच्या बनियन-लुंग्या दोरीच्या पुढच्या भागात, उन्हात, वाऱ्यात. बायकांचे आतले कपडे परकराच्या खाली, ओढणीच्या आड, दोरीच्या भिंतीकडच्या टोकाला. मला तसंच शिकवलं गेलं आणि माझ्या नणंदेलाही. पाळीचे कपडे तर त्याहून आत, न्हाणीघराच्या दारामागे, कोळशाच्या खोलीत, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा जागी. जिथे कुणाची नजर जात नाही तिथे वाराही जात नाही. जो कपडा शरीराच्या सगळ्यात नाजूक भागाला लागणार तोच सगळ्यात कमी वाळायचा आणि ओलसरच पुन्हा वापरला जायचा. खाज, पुरळ, पांढरं जाणं हे बायकांचं नशीब म्हणून पिढ्यांनी सोसलं, आणि त्याला ओला कपडाही कारण असू शकतो हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. आज अनेक घरांत पॅड आले. पण गावाकडे आणि शहरातल्या दाटीच्या वस्त्यांतही अजून कापड वापरलं जातं, आणि आता चांगल्या कापडाचे, पुन्हा वापरायचे पॅड मुद्दाम घेणाऱ्या मुलीही आहेत. त्यांनाही ऊनच लागतं. माझ्या मुलीला मी वयात येताना पहिली गोष्ट हीच सांगितली की तुझे कपडे दोरीच्या पुढे घाल. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा परकर आणि आतले कपडे पुढच्या दोरीवर होते.

७. ऊन कमी लागणारे कपडेही असतात. रेशीम, गडद रंगाचं सुती, बांधणी यांना सावली आणि वारा दिला तर रंग टिकतो. लोकरीचा स्वेटर टांगला की त्याच्याच ओल्या वजनानं लांबतो, तो आडवा पसरावा. आणि अंगणात दोरी बांधायची तर शेवग्याखाली नको. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंट गोळा होतात, त्यांचा एक केस जरी कपड्यात राहिला तरी रात्रभर अंग खाजवत बसावं लागतं.

८. फोर्ट कोचीला गेले होते तेव्हा तिथल्या धोबीखान्यात चिमटा नावाची वस्तू दिसली नाही. दोन दोऱ्यांना एकमेकींचा पीळ दिलेला आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोवलेलं. वारा आला की कपडा हेलकावे घेतो, पण सुटत नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आपण इतकी वर्षं चिमटे विकत घेतो, हरवतो, मोजतो, आणि ही माणसं दोरीलाच चिमटा करून मोकळी झाली. घरी येऊन एक दोरी तशी बांधली. रुमाल, मोजे, बाळाची झबली तिच्यावर उत्तम बसतात. ओल्या चादरीसाठी मात्र दोरी चांगलीच ताणलेली हवी, नाहीतर पीळ सैल पडतो.

९. घरात वाळवलेल्या कपड्यातलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मला भिंतीवर काळे ठिपके आले तेव्हा पडला. ते घरातच राहतं. एक लिटर पाणी साध्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत ते पाऊण युनिटाला थोडं कमी. बाहेरच्या दोरीवर हे काम फुकट होतं. बंद खोलीत पंख्याखाली कपडे वाळतात खरे, पण ती वाफ भिंतीत, गादीत, कपाटाच्या मागे जाऊन बसते. खिडकी उघडी हवी आणि कपडे भिंतीपासून दूर. पावसाळी कपड्याला येणाऱ्या कुबट वासाचा माग जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये एका जिवाणूपर्यंत नेला. तो कपडा वाळल्यावरही टिकून राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा वास देतो. त्यामुळे अशा कपड्यावर सुगंधी पाणी ओतून भागत नाही. तो गरम पाण्यात पुन्हा धुवावा आणि या खेपेला लवकर वाळेल अशा जागी घालावा.

१०. पुण्यातल्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराला लागून एक जागा असते, तिला ड्राय बाल्कनी म्हणतात. नाव ऐकून मला आनंद झाला होता. प्रत्यक्षात तिथे वॉशिंग मशीन बसतं, झाडू-बादली बसते, गॅसची पाइपलाइन जाते आणि समोर दुसऱ्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी असते. ऊन नाही आणि वाराही कोंडलेला. पुढच्या मोठ्या बाल्कनीत दोरी बांधायला कितीतरी सोसायट्या मनाई करतात, इमारत वाईट दिसते म्हणून. अमेरिकेतही अनेक वसाहतींच्या नियमांत अशीच बंदी असते. फ्लोरिडा राज्यानं मात्र कायद्यातच लिहून ठेवलं आहे की रहिवाशाला कपडे वाळवायच्या दोरीची मनाई करता येणार नाही. आपल्याकडे बारा महिन्यांतले आठ महिने लखलखीत ऊन असताना लोक ड्रायर विकत घेतात, कारण घर आखताना धुणं वाळत घालणारी व्यक्ती कुणाच्या डोळ्यासमोर नव्हती.

तेव्हा घर बघायला गेलात की पार्किंग, लिफ्ट, मॉड्यूलर किचन बघून झाल्यावर एक काम जरूर करा. दुपारी तीनच्या सुमाराला ड्राय बाल्कनीत पाच मिनिटं उभ्या राहा, तोंडाला वारा लागतो का ते बघा, आणि बुकिंगचे पैसे देण्याआधी विचारा की दोरी कुठे बांधायची. आणि हो, घरातल्या पुरुषांनाही तिथे घेऊन जा.