ट्रॅक्टरचे इंजिन तापणे : पंख्याची तपासणी व निगा

रब्बी हंगामाच्या अखेरीस ट्रॅक्टरवर कामाचा मोठा भार पडतो. एकीकडे गहू, ज्वारी व हरभरा यांची मळणी चाललेली असते, तर दुसरीकडे रिकाम्या झालेल्या शेतांची नांगरट हाती घ्यावयाची असते. विदर्भ व मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा वेळी इंजिन तापून ट्रॅक्टर उभा राहिला, तर पुष्कळदा त्याचे कारण पंखा, पंख्याचा पट्टा किंवा रेडिएटरची जाळी यांत सापडते व ते अल्प खर्चात दूर करता येते. मात्र तापलेले इंजिन तसेच चालू ठेवल्यास सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जळते व प्रसंगी पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून बसतो. मग पट्टा बदलून भागणाऱ्या कामासाठी सबंध इंजिन उतरवावे लागते व ऐन हंगामाचे दिवस वाया जातात.

पंख्याचे कार्य

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागच उपयोगी कामात रूपांतरित होतो. उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुराबरोबर बाहेर पडतो व बराचसा भाग इंजिनात फिरणारे पाणी वाहून नेते. हे पाणी रेडिएटरच्या नळ्यांतून जाताना बाहेरील हवेने निवते. रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या मोटारीला समोरचा वारा मिळतो. नांगरट करणारा ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो व मळणीच्या वेळी तर एका जागी उभाच असतो. त्याला वाऱ्याचा आधार नाही. हवा खेचण्याचे सर्व काम एकट्या पंख्याला करावे लागते. यास्तव पंख्यातील लहानशी उणीवही ट्रॅक्टरमध्ये लवकर जाणवते.

काटा वर गेल्यास

तापमापकाचा काटा तांबड्या खुणेकडे जाऊ लागताच कामाचा भार काढावा. मळणीयंत्र चालू असल्यास पी. टी. ओ. सोडवावा. पट्टा शाबूत असून पाणी गळत नसेल, तर इंजिन काही मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे, म्हणजे आतील उष्णता सावकाश उतरते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते व ते उसळून तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

तपासणीचा क्रम

इंजिन पूर्ण निवल्यावर, किल्ली काढून घेऊन, पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. जाळी : मळणीच्या वेळी उडणारा भुसा रेडिएटरच्या जाळीवर साचतो व पंखा चांगला असूनही हवा आत येत नाही. हवेच्या दाबाने किंवा पाण्याच्या सौम्य धारेने पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने जाळी साफ करावी. जोराच्या धारेने पातळ पत्र्या दुमडतात.

२. पट्टा : पुष्कळ ट्रॅक्टरांत पंखा, पाण्याचा पंप व आल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून चार्जिंगचा दिवा लागून त्याच वेळी काटा चढू लागला, तर पट्टा तुटल्याचे किंवा निसटल्याचे समजावे. सैल पट्टा भार येताच किंचाळतो व त्याच्या कडा चकचकीत होतात. दोन पुलींमधील लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता पट्टा साधारणतः १० ते १५ मिलिमीटर दबावा. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. फार ताणलेला पट्टाही पंपाचे व आल्टरनेटरचे बेअरिंग झिजवितो.

३. पाती व आच्छादन : तडा गेलेले किंवा वाकलेले पाते सरळ करून वापरू नये, पंखा बदलावा. दुरुस्तीनंतर पंखा उलटा बसविला गेल्यास हवेची दिशा बदलत नाही, परंतु हवा फार कमी खेचली जाते. पंख्याभोवतीचे आच्छादन काढून ठेवल्यास तो जाळीतून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवीत राहतो.

४. कागदाची परीक्षा : यानंतर इंजिन सुरू करून पुढील जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरावा. बहुतेक ट्रॅक्टरांत पंखा समोरून हवा ओढतो. तो नीट काम करीत असल्यास कागद जाळीला चिकटून राहतो.

या सर्व गोष्टी ठीक असूनही इंजिन तापत असेल, तर पाण्याची पातळी, झाकणाचे रबर, थर्मोस्टॅट व पंप मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत पापुद्रे धरतात. त्याऐवजी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात कूलंट व शुद्ध केलेले पाणी वापरावे.

विजेवर चालणारा पंखा

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या काही वाहनांत व बहुतेक मोटारींत पंखा विजेच्या मोटारीवर चालतो. असे वाहन रस्त्यावर ठीक चालून बाजारपेठेच्या गर्दीत उभे राहताच तापू लागले, तर प्रथम पंख्याचाच संशय घ्यावा. फ्यूज, रिले, तारांचे जोड व तापमान ओळखणारा सेन्सर ही त्यातील तपासण्याची स्थाने होत. जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तार घालू नये. आग लागण्याचा धोका असतो. असा पंखा इंजिन बंद केल्यावरही एकाएकी फिरू लागतो, म्हणून बॅटरीची तार सोडविल्याखेरीज त्यात हात घालू नये.

दक्षता

चालू इंजिनाजवळ सैल बाह्या, उपरणे, पदर किंवा ओढणी येऊ देऊ नये. पंख्याचे संरक्षक कवच काढून ट्रॅक्टर चालवू नये. मळणीच्या दिवसांत दर विश्रांतीच्या वेळी इंजिन बंद करून जाळीवरील भुसा काढावा, रोज सकाळी पाणी व पट्टा पाहावा आणि एक जादा पट्टा नेहमी जवळ ठेवावा.