साक्षीची रेघ

पावसाळ्याचे दिवस आले की खेडोपाडी तापाची साथ डोके वर काढते. परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावात एखादे मूल तापाने फणफणले, तर घरच्यांना पहिला प्रश्न पडतो, की हा ताप कशाचा? हिवताप, डेंग्यू, विषमज्वर या तिन्हींत अंग सारखेच तापते; उपचार मात्र निरनिराळे असतात. कपाळाला हात लावून त्यांतील भेद कळत नाही. निदानास जितका विलंब, तितका रोग्यास धोका अधिक. आणि रोग पसरणारा असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसही.

हिवतापाच्या निदानासाठी काचपट्टीवर रक्ताचा नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही पद्धत खात्रीची आहे. परंतु प्रयोगशाळा दूर असेल, तर उत्तर येईपर्यंत वेळ जातो. अशा ठिकाणी तपासणीची एक लहानशी पट्टी उपयोगी पडते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर ठेवायचे आणि त्यावर ठरावीक द्रावण घालायचे, की १५-२० मिनिटांत उत्तर मिळते.

टीपकागदात शाई पसरावी, तसे ते रक्त पट्टीतून पुढे सरकते. त्यात रोगजंतूचे द्रव्य असेल, तर ते ठरलेल्या जागी अडकते आणि तेथे रंगीत रेघ उमटते. पट्टीवर ‘सी’ या अक्षराजवळ आणखी एक रेघ यावी लागते. रोग असो वा नसो, ती उमटलीच पाहिजे. पट्टीचे काम नीट झाले, याची ती साक्ष होय. ती साक्ष मिळाली नाही, तर निकाल ग्राह्य धरीत नाहीत.

निकाल मिनिटांत मिळतो. पण अशी चाचणी तयार करणे हे मिनिटांचे काम नव्हे. कोरोनाच्या साथीत हे साऱ्या देशाला कळून आले. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. भारतातील कोरोनाच्या पहिल्या रुग्णाचे निदान तिच्या तपासणीतून ३० जानेवारी २०२० रोजी निश्चित झाले. तो रुग्ण केरळातील होता. पुढे रुग्ण वाढू लागले. तपासणीचे संच परदेशांतून आणावे लागत आणि निकालास सहा-सात तास लागत.

पुण्यातीलच मायलॅब या कंपनीत मीनल दाखवे-भोसले या विषाणुशास्त्रज्ञ संशोधन विभागाच्या प्रमुख होत्या. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि प्रकृतीच्या तक्रारीमुळे रुग्णालयात राहून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी हे काम हाती घेतले. त्यांचा संच आरटी-पीसीआर पद्धतीचा होता. या पद्धतीत विषाणूच्या जनुकीय द्रव्याची नक्कल करून ती पुनःपुन्हा दुप्पट करतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार असे करीत ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. त्यामुळे लपलेला विषाणूही उघडा पडतो.

एरवी तीन-चार महिने लागणारे हे काम दहा जणांच्या त्या गटाने सहा आठवड्यांत पुरे केले. परंतु त्यांनी घाई केली नाही. एकच नमुना दहा वेळा तपासला, तर दहाही वेळा तेच उत्तर यावे, ही त्यांची कसोटी होती. १८ मार्च रोजी संच परीक्षणासाठी विषाणुविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आला. दुसऱ्याच दिवशी मीनलताईंना कन्यारत्न झाले! त्याच महिन्यात संचास मान्यता मिळाली. आता निकाल अडीच तासांत मिळू लागला.

पुढच्याच महिन्यात याची दुसरी बाजूही दिसली. परदेशांतून आलेल्या काही जलद चाचणी-संचांच्या निकालांत मोठी तफावत आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यांचा वापर थांबविण्यास राज्यांना सांगावे लागले. निकाल त्वरित मिळत होता. पण त्यावर विसंबता येत नव्हते. रोगी असलेल्या माणसाला ‘तू निरोगी आहेस’ असे सांगणारी चाचणी ही नसलेल्या चाचणीहूनही घातक; कारण तो माणूस निर्धास्तपणे घरादारांत वावरतो.

मे २०२१ मध्ये घरच्या घरी १५ मिनिटांत करावयाच्या चाचणीस परिषदेने मान्यता दिली. ती चाचणीही मायलॅबचीच होती. मात्र परिषदेने एक अटही घातली. लक्षणे असूनही पट्टीने ‘रोग नाही’ असे दाखविले, तर आरटी-पीसीआर तपासणी करून खात्री करून घ्यावी. आपल्या साधनाची मर्यादा उघडपणे सांगणे, हाही विज्ञानाचा धर्मच आहे.

पिंगळीच्या एखाद्या ओसरीवर आईच्या मांडीवर तापलेले मूल असते आणि घरातल्या साऱ्यांचे डोळे पट्टीवर खिळलेले असतात. ती १५-२० मिनिटे त्यांना फार मोठी वाटतात. त्या मिनिटांमागे कितीतरी जणांनी महिनोन्‌महिने केलेली पडताळणी असते. म्हणूनच त्या इवल्याशा रेघेवर विश्वास ठेवता येतो.

स्वाध्याय

१. ‘सी’ अक्षराजवळील रेघेला साक्षीची रेघ का म्हटले आहे?
२. ‘वेग’ आणि ‘घाई’ यांतील फरक पाठातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
३. चुकीची चाचणी ही नसलेल्या चाचणीहून घातक कशी, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.