टॅपेट गप्प झाले, व्हॉल्व्ह जळाला

आमच्या अ‍ॅम्बॅसेडरला १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आहे. हेडवरून टकटक सुरू झाली की गॅरेजमधले मिस्त्री कव्हर काढायचे आणि आवाज थांबेपर्यंत टॅपेट आवळून द्यायचे. गाडी गप्प, आम्ही खूश. पुढे खंबाटकी घाटाच्या चढाला ती ओढेना, आयडलिंगला मिसिंग करू लागली. कॉम्प्रेशन पाहिलं तर तिसऱ्या सिलिंडरचं नावापुरतंच. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं, तरी काटा तिथेच. म्हणजे रिंगा ठीक होत्या, गळती व्हॉल्व्हची होती. हेड उतरवल्यावर दिसलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा लचकाच जळून गेला होता.

व्हॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः सीटवर टेकल्यामुळे. टॅपेट जास्त आवळून रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट उरली नाही, तर गरम इंजिनात तो पुरता टेकत नाही आणि कडेनं जळत जातो. म्हणून वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा अचानक गप्प झालेला टॅपेट मला जास्त धोक्याचा वाटतो. शिवाय २००० सालापासून आपल्याकडे शिसंविरहित पेट्रोल आहे. जुन्या मऊ सीटा त्यावर खचतात आणि फट आपोआप कमी होते.

या इंजिनाला फट लागते ०.३८ मिलिमीटर, इंजिन गरम असताना. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची, सहावा उघडा असेल तेव्हा तिसऱ्याची; बेरीज कायम नऊ. पण रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल, तर फीलर गेजची पट्टी त्यावर पुलासारखी आडवी राहते. माप बरोबर येतं, खरी फट मात्र जास्त असते आणि टकटक चालूच राहते. आमच्या गाडीत तेच झालं होतं. रॉकर शाफ्टही खालच्या बाजूनं झिजला होता. वरून पाहिला तर गुळगुळीत. काढून खालून नख फिरवलं तेव्हा पायरी लागली. शाफ्ट काढायचा तर आधी थोडं कूलंट काढा आणि हेडचे सगळे नट क्रमानं सैल करा, कारण शाफ्टच्या पायांचे काही नट हेडही धरून असतात.

घाट उतरून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला, तर व्हॉल्व्ह गाइड पाहा. फट बरोबर असूनही गाडीत दम नसेल, तर कॅमवर संशय घ्या. पुशरॉडच्या टोकाला डायल गेज लावून इंजिन हातानं फिरवा आणि आठही उचली मोजा. एखादी कमी भरली, तर तो लोब झिजलाय. तिथे स्क्रू आवळून काहीही होणार नाही.

कॅम बदलला तर त्यावर चालणारे आठही टॅपेट नवे घ्या. जुने टॅपेट नव्या कॅमला खातात. पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर आयडलिंगला ठेवू नका, वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवा. ऑइल २०डब्ल्यू-५०, पुरेसं झिंक असलेलं घ्या. नव्या गाड्यांच्या बऱ्याच ऑइलांत ते कमी असतं.

आणि मिस्त्रींनी कव्हर काढलं की शेजारी उभे राहा. फीलर गेज न लावता कुणी टॅपेटला हात घालत असेल, तर तिथेच थांबवा.