तबकडीवर नाव नसलेला सॅक्सोफोन
(अभ्यासलेख : मोठा गट आणि पालक)



एखादे जुने गाणे ऐकले की आपण त्याच्याबरोबर तीन नावे सांगतो : गायक, संगीतकार आणि गीतकार. पण त्याच गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये कोणीतरी वाद्य वाजवलेले असते. कधीकधी तर गाण्याचे शब्द विसरतात आणि तो वाद्याचा तुकडाच डोक्यात घोळत राहतो. तो कोणी वाजवला, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

या अंकात आम्ही अशा एका वाद्याची आणि ते वाजवणाऱ्यांची ओळख करून देत आहोत. वाद्य आहे सॅक्सोफोन, काळ साधारण १९४० ते १९७० आणि गाव मुंबई. या वादकांचा ध्वनिमुद्रित ठेवा फार मोठा आहे. आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटींत आणि हातातल्या फोनमध्येही तो आहे. फक्त त्यावर बहुतेक ठिकाणी त्यांचे नाव नाही. नाव का नाही आणि ते असणे का महत्त्वाचे आहे, हा आजचा धडा.

१. वाद्याची ओळख

सॅक्सोफोन हे वाद्य अ‍ॅडॉल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने तयार केले. १८४६ साली त्याने पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. वाद्य पितळेचे असले तरी त्याची गणना बासरी, सनई यांच्याबरोबर लाकडी फुंकवाद्यांत होते. याचे कारण त्याच्या तोंडाशी आहे. सनईत फुंकर दोन पात्यांच्या फटीतून जाते. सॅक्सोफोनला बोरूसारख्या वेताचे एकच पाते असते. ते थरथरते आणि त्यातून सूर निघतो.

सॅक्सोफोन लहानमोठ्या आकारांत येतो. त्यातले चार नेहमी दिसतात : सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन. टेनरचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या जवळचा, भारदस्त आणि थोडा घोगरा असतो. जॅझ या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतात टेनरला मानाचे स्थान मिळाले ते त्यामुळेच.

पेटी शिकणाऱ्या मुलांसाठी एक गंमत. टेनर वाजवणारा कागदावर लिहिलेला 'सी', म्हणजे आपली पांढरी एक, वाजवतो तेव्हा प्रत्यक्षात ऐकू येतो काळी पाचचा सूर, तोही खालच्या सप्तकातला. आल्टोचे गणित आणखी वेगळे. म्हणून वाद्यवृंदात प्रत्येकासाठी सुरांचा वेगळा कागद लिहावा लागतो. हे काम जाणणारी माणसे मुंबईत कोठून आली, ते पुढे पाहू.

२. तीन मिनिटांची तबकडी

जुनी तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरे आणि एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. म्हणजे एक गाणे संपेपर्यंत ती २३४ फेरे घेई. जे काय सांगायचे ते तेवढ्यात.

११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्स या टेनरवादकाने 'बॉडी अँड सोल' या गाण्याची तबकडी केली. आपला गायक बंदिशीचा मुखडा घेऊन लगेच विस्ताराला निघतो ना, तसे त्याने केले. सुरुवातीला मूळ चालीची जेमतेम ओळख दिली आणि उरलेली सगळी तबकडी स्वतःला त्या क्षणी सुचलेल्या सुरांनी भरली. ती तबकडी खूप खपली आणि पुढच्या टेनरवादकांसाठी ती पाठ्यपुस्तकच झाली.

१९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी, म्हणजे एल.पी., बाजारात आली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली आणि वादकाला मनसोक्त वाजवता येऊ लागले. १९३० साली जन्मलेल्या सनी रोलिन्स या टेनरवादकाची 'सॅक्सोफोन कोलोसस' ही एल.पी. घ्या. तीत एकच रचना अकरा मिनिटांहून अधिक चालते.

आता या एल.पी.ची नोंद पाहा. ध्वनिमुद्रण २२ जून १९५६ रोजी झाले. स्थळ न्यू जर्सीमधील हॅकेन्सॅक, रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ. टेनर सनी रोलिन्स, पियानो टॉमी फ्लॅनगन, बास डग वॉटकिन्स, ड्रम्स मॅक्स रोच. तारीख, जागा, माणसे, सगळे नक्की. अशा नोंदींच्या यादीला ध्वनिमुद्रिकासूची म्हणतात. रोलिन्स यांचे कागदपत्र आणि सरावाच्या वह्यासुद्धा २०१७ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या शोम्बर्ग केंद्राने जतन करण्यासाठी घेतल्या.

मुंबईकर पालकांना एक गोष्ट वाचून आनंद होईल. हेच रोलिन्स १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात योगाभ्यासासाठी पवईच्या आश्रमात राहिले होते, आणि १९७८ साली मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात त्यांनी वादन केले.

३. मुंबईत जॅझ कसा आला

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यापाठोपाठ आणखी काही अमेरिकन वादक आले. त्यांचे ऐकून आपल्याकडचे वादक शिकले. ताजमध्ये पुढे मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने सुमारे दोन दशके वाजवले. कावस खटाऊ नावाच्या पारशी तरुणाने 'रुडी कॉटन' हे नाव घेतले आणि तो नामवंत टेनरवादक झाला.

यातले बरेचसे वादक गोव्याचे होते, आणि त्याला कारण आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना युरोपीय स्वरलेखन शिकवत. त्यामुळे गावातला मुलगाही सुरांचा कागद वर्तमानपत्रासारखा वाचू शके. हे शिक्षण घेऊन तरुण मुंबईला येत. रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जात.

सिनेमात त्यांची मोठीच गरज होती. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. ती ऐकून वाद्यवृंदाचा संयोजक प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिही. मघाशी पाहिलेले काळी पाचचे गणित इथे उपयोगी पडे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सॅबेस्टियन डिसोझा करत. ध्वनिमुद्रण सगळ्यांचे एकदमच होई. एक जण चुकला की गायकासकट सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

या संगमाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्या मराठी माणसाचे आहे. रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ साली नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. त्यांच्या 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांच्या संगीतात जॅझचा आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका उघड ऐकू येतो. त्यांचे साथीदार होते आल्दोन्याचे आंतोनिओ शावियेर वाझ. ट्रंपेट वाजवणारे हे गृहस्थ 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध होते. 'अलबेला'मध्ये त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. वादकांना असे समोर यायला मिळणे विरळाच.

४. नाव का राहिले नाही?

तबकडीच्या मधल्या गोल कागदावर जागा थोडी. तिथे चित्रपटाचे नाव, गायक, संगीतकार आणि कंपनीचा क्रमांक येई. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळत आणि त्याचे काम तिथेच संपे.

गायकांचीही स्थिती पूर्वी फार निराळी नव्हती. 'महल' (१९४९) चित्रपटातल्या लता मंगेशकरांच्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर त्यांचे नाव नव्हते. पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी'चे नाव छापले होते. लोकांनी विचारणा केली, गायकांनी आग्रह धरला आणि मग गायकांची नावे येऊ लागली. वादकांच्या बाबतीत अशी विचारणा कोणी केली नाही.

कधी एखाद्या शिष्याने गुरूचे नाव पुढे आणले. संगीतकार जोडीतले प्यारेलाल हे माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात अमिताभ बच्चन स्वतःचे जे पूर्ण नाव सांगतो, ते या गुरूंचे. गाणे घराघरात पोचले, पण ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

५. दोन वादक, दोन प्रकारचा ठेवा

पहिले, मनोहारी सिंग. जन्म १९३१, कलकत्ता. घराणे मूळचे नेपाळी. १९५८ साली सलील चौधरींच्या सांगण्यावरून ते मुंबईला आले आणि २०१० साली मुंबईतच वारले. ते प्रामुख्याने आल्टो वाजवत. 'कश्मीर की कली' (१९६४) मध्ये शम्मी कपूरवर चित्रित झालेले, महंमद रफींनी गायलेले एक संथ, झिंगलेले गाणे आहे. त्यातला सॅक्सोफोन मनोहारींचा. तो गाण्याला नुसती साथ करत नाही, रफींशी संवाद करतो. पुढे राहुल देव बर्मन यांचे साहाय्यक म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांचा ठेवा असा दुसऱ्यांच्या नावाच्या गाण्यांत विखुरलेला आहे.

दुसरे, गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस. हे खऱ्या अर्थाने जॅझचे टेनरवादक. सोप्रानोही वाजवत. चिक चॉकलेट यांची कन्या इव्हॉन ही त्यांची पत्नी. कलकत्त्याच्या 'ब्लू फॉक्स' उपाहारगृहात पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्याबरोबर ते वाजवत. १९७० साली त्यांची 'रागा रॉक' ही छोटी तबकडी निघाली. तिच्यावर वाद्यवृंदाचे नावच 'ब्राझ गोन्साल्विस ७' असे आहे. आपल्या रागांचे सूर आणि जॅझची घडण एकत्र आणण्याचा हा प्रयत्न एका भारतीय वादकाने स्वतःच्या नावाने केला, म्हणून ती महत्त्वाची.

आता तुलना करा. रोलिन्स यांच्या नावावर डझनावारी एल.पी. आहेत. ब्राझ यांच्या नावावर मोजक्याच तबकड्या. त्यांनी आयुष्यभर रात्रीमागून रात्री वाजवले, पण हॉटेलातले वादन टेबले आवरली की संपते. हुन्नर कमी म्हणून नोंद कमी, असे समजणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे भारतीय जॅझच्या तबकड्या काढणारे फार थोडे होते, म्हणून नोंद कमी राहिली.

अलीकडे हे काम काही अभ्यासकांनी हाती घेतले. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या सिनेवादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक लिहिले. नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे मुंबईच्या जॅझवरचे पुस्तक २०१२ साली आले. वादक हयात असताना विचारले, म्हणून कितीतरी नावे मिळाली. ज्यांना विचारायचे राहिले, त्यांचे सूर आहेत, पण नावे गेली.

६. आपण काय करू शकतो?

ऐकायला शिकू शकतो. गाण्यात वाद्य चार ठिकाणी शोधावे : गाणे सुरू होण्याआधी, दोन कडव्यांच्या मध्ये, गायक श्वास घेतो त्या जागेत, आणि शेवटी. सॅक्सोफोनचा आवाज ट्रंपेटपेक्षा मऊ आणि बासरीपेक्षा जाड असतो. मनोहारींचे गाणे तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त शब्द, दुसऱ्यांदा फक्त सॅक्सोफोन आणि तिसऱ्यांदा दोन्ही. इब्राहून मस्कतला जाताना गाडीत दीड-दोन तास मिळतात, तेवढा वेळ याला पुष्कळ झाला.

नंतर वहीत नोंद करा. चित्रपट, साल, संगीतकार, वाद्य, वादक आणि शेवटचा रकाना 'कशावरून'. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वादकाचे नाव कोणी सांगितले, कुठे वाचले, ते तिथे लिहावे. माहीत नसेल तर जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरलेले नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण त्यामुळे खऱ्या माणसाचा शोधच थांबतो.

पालकांना विनंती. सुट्टीत भारतात जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा : लग्नात बँड कोणाचा होता? ऑर्केस्ट्रात कोण वाजवायचे? गोव्याचे कोणी शेजारी असतील तर त्यांच्याकडेही चौकशी करा. एखादे नाव मिळाले तर ते पूर्ण, गावासकट लिहून आणा.

शब्दार्थ
ध्वनिमुद्रिका : आवाज साठवलेली तबकडी
वाद्यवृंद : अनेक वादकांचा मिळून केलेला ताफा
स्वरलेखन : सूर कागदावर लिहिण्याची पद्धत
संयोजक : कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचे ते ठरवणारा
हुन्नर : अंगची कला, कसब
रकाना : तक्त्यातील उभा भाग

स्वाध्याय
१. सॅक्सोफोन पितळेचा असूनही त्याला लाकडी फुंकवाद्यांत का धरतात?
२. एल.पी.ची एक बाजू २१ मिनिटे वाजली, तर ती किती फेरे घेईल? गणित करून दाखवा.
३. गोव्यातल्या वादकांना सिनेमात काम मिळण्याची दोन कारणे लिहा.
४. घरातल्या मोठ्यांच्या आवडीचे एक जुने गाणे निवडा. त्यातले एक वाद्य ओळखून वर दिल्याप्रमाणे नोंद करा.
५. पाच-सहा ओळी लिहा : 'गाण्यावर वादकाचे नाव असावे का?'

चौथ्या प्रश्नाच्या नोंदी शुक्रवारच्या वर्गात आणाव्यात. सगळ्या एकत्र लावून पुढील अंकात छापू. कोरी राहिलेली जागा कोणाला भरता आली, तर ती 'कशावरून' या रकान्यासह जरूर कळवावी.