पाण्याची वाट

घर बांधावयाचे म्हटले म्हणजे बहुतेकांचे लक्ष भिंती, छप्पर, दारे आणि खिडक्या यांकडे जाते. घराभोवतीच्या जमिनीचा विचार फार थोडे लोक करतात. तथापि घराचे आयुष्य पुष्कळदा ह्या जमिनीवरच अवलंबून असते. जमिनीचा उतार घरापासून दूर जाणारा असेल, तर पावसाचे पाणी निमूटपणे निघून जाते. तो घराच्या दिशेने असेल, तर तेच पाणी पायाशी तुंबते आणि घराचा शत्रू बनते.

हे पाणी किती असते, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होते. म्हणजे १०० चौरस मीटरांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी खाली उतरते. कोकणात पावसाळ्यात असे दिवस अनेकदा येतात. २६ जुलै २००५ रोजी तर मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढ्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर ते आपली वाट आपणच शोधते.

दिव्याची वात ज्याप्रमाणे तेल वर ओढून घेते, त्याप्रमाणे विटा, चुना व माती यांतील सूक्ष्म छिद्रे पायाशी साचलेले पाणी वर शोषून घेतात. भिंतीला ओल येते. पाणी सुकले, की त्यात विरघळलेले क्षार भिंतीवर उरतात. यालाच लोणा लागणे असे म्हणतात. पुढे गिलावा सुटतो, खोलीत बुरशी वाढते आणि दम्याच्या रोग्यास तेथे राहणे कठीण होते. अंगणातील डबक्यात डासांची पैदास होते, ती निराळीच.

देशावरील काळ्या मातीत आणखी एक धोका असतो. ही माती भिजली म्हणजे फुगते आणि सुकली म्हणजे आक्रसते. पायाच्या एकाच बाजूस पाणी मुरत राहिले, तर ती बाजू वर उचलली जाते, दुसरी मात्र जागच्या जागी राहते. या ओढाताणीत भक्कम भिंतीलाही तिरप्या भेगा पडतात.

जुन्या काळच्या गवंड्यांना याची उत्तम जाण होती. कोकणातील घराचे जोते उंच असे. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येई, म्हणून पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. त्या पाण्यासाठी घराभोवती चर खणलेला असे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी तो साफ करण्यात येई.

आजही उपाय फारसा निराळा नाही. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरांत जमीन सुमारे १५ सेंटिमीटर खाली उतरावी. हा उतार डोळ्यांनी नीट कळत नाही. म्हणून गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी नेहमी एकाच पातळीत राहते, त्यामुळे जमिनीचा चढउतार अचूक मोजता येतो. पायाजवळची भर घट्ट चोपावी, भिंतीला लागून फुलझाडांचे आळे करू नये, आणि छपराचे पाणी पन्हळीने दूर न्यावे. शोषखड्डाही घरापासून दूरच असावा.

परंतु पाणी आपल्या कुंपणाबाहेर गेले, म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. एकाने उतार शेजाऱ्याच्या भिंतीकडे केला, किंवा भर घालून वाहता ओहोळ बुजविला, तर त्याचे अंगण कोरडे राहते आणि दुसऱ्याचे घर ओलीने खचते. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडो नगरात घरोघरीचे सांडपाणी रस्त्यांतील विटांनी बांधलेल्या गटारांत सोडलेले असे. तेथील लोकांनी पाण्याचा विचार एका घरापुरता न करता साऱ्या वस्तीसाठी केला होता. पाण्याला उतार कळतो, कुंपण कळत नाही. म्हणून त्याची वाट सर्वांनी मिळूनच राखावी लागते.

स्वाध्याय

१. भिंतीला लोणा का लागतो?
२. काळ्या मातीतील घरांना भेगा कशा पडतात?
३. शाळेच्या इमारतीभोवती पावसाचे पाणी कोठून कोठे वाहते, ते पाहून त्याचा नकाशा काढा.