हिमयुगातील पर्वत आणि दख्खनचे पठार

१. प्रस्तावना

गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत पृथ्वीवर शीत व उबदार कालखंड आलटूनपालटून आले. त्यांपैकी अखेरच्या शीत कालखंडाची तीव्रता सुमारे २१,००० वर्षांपूर्वी सर्वाधिक होती. त्या काळी भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या परिसरात, किंवा उत्तरेकडील अजिंठ्याच्या डोंगरांत, बर्फ होता काय? या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधणार आहोत.

२. हिमनदीची निर्मिती

वर्षभरात साचणारे हिम वितळणाऱ्या हिमापेक्षा अधिक असेल, तर थरावर थर चढतात. वरच्या भाराने खालच्या हिमातील हवा निघून जाते. त्याचे प्रथम दाणेदार हिम आणि कालांतराने घट्ट बर्फ बनतो. हा थर पुरेसा जाड झाला, की तो स्वतःच्या भाराने उताराकडे सरकू लागतो. हीच हिमनदी होय. तिच्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत: थंड उन्हाळा आणि पुरेसा हिमवर्षाव.

३. पडताळणी

उंचीनुसार दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५° से. ने घटते. हिमयुगात तापमान ५° से. ने कमी होते असे मानल्यास हिमरेषा सुमारे ७७० मीटर खाली येते. आज हिमालयाच्या दक्षिण उतारावर ती साधारणतः ४,५०० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि ते हिमालयाहून अधिक उष्ण अक्षांशावर आहे. अजिंठ्याची रांग त्याहूनही ठेंगणी. म्हणून येथे हिमनद्या तयार होणे शक्य नव्हते.

४. हिमयुग आणि मोसमी पाऊस

मग हिमयुगाचा येथे परिणामच झाला नाही काय? झाला, परंतु तो कोरडेपणाच्या रूपाने. जमीन व समुद्र थंड झाल्याने बाष्प घटले आणि नैऋत्य मोसमी वारे दुबळे झाले. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या माळरानाचा पक्षी आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

हाच धागा हिमालयातही दिसतो. गंगोत्री हिमनदी सुमारे ६३,००० वर्षांपूर्वी आजच्या गोमुखापासून कित्येक किलोमीटर खाली पोचली होती. २१,००० वर्षांपूर्वी, थंडी कडक असूनही, ती तेवढी पसरली नाही. मोसमी वारे दुबळे असल्याने हिमवर्षाव अपुरा पडला, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

५. सारांश

केवळ थंडीने हिमनदी बनत नाही. तिला बाष्पही लागते. ज्या वाऱ्यांनी हिमालयाला हिम पुरवले, त्यांच्यावरच आपल्या कोरडवाहू शेतीचा खरीप हंगाम अवलंबून आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

तापमान ८° से. ने घटले असे मानून हिमरेषा किती खाली आली असती ते काढा. कळसूबाईवर हिमनदी तयार झाली असती काय? सकारण लिहा.