गाडी खाली कर, पण तिला हलायला जागा ठेव

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तुझीच गाडी डोक्यात. चार गॅरेजवाल्यांनी चार गोष्टी सांगितल्या, मित्र म्हणतो कॉइलओव्हरच टाक, आई म्हणते आहे ते बरं आहे. गोंधळ उडणारच. पण घाबरू नकोस बघ. सेकंडहँड का होईना, ऑक्टाव्हिया आरएस तू स्वतःच्या पैशांनी घेतलीस, रोज गंगापूर रोडवरून अंबडला नेतेस, शॉकअपचंही तुला नक्की जमेल.

खरं सांगू का, गाडी किती खाली दिसते यापेक्षा खाली केल्यावर चाकाला वर यायला किती जागा उरते, हे आधी बघायचं. खड्डा आला की चाक वर उचललं जातं, स्प्रिंग दबते, शॉकअप तो धक्का जिरवतो. ती जागा संपली की शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बंपस्टॉप आपटतो. तो ‘धाड’ आवाज आणि मणक्यात बसणारा दणका तिथून येतो. सगळे म्हणतात ‘स्प्रिंग कडक आहे’, पण पुष्कळदा जागा संपलेली असते.

हे मी पैसे घालवून शिकले गं. माझ्या पहिल्या गाडीला मी फक्त आखूड स्प्रिंगा बसवल्या, शॉकअप कंपनीचेच ठेवले, कारण ते स्वस्तात होत होतं. आईला घेऊन वणीला निघाले. दिंडोरी सोडेपर्यंत ती गप्प होती, मग हळूच एका हाताने कंबर धरली आणि दुसऱ्याने दाराची मूठ. एक शब्द बोलली नाही. मला मात्र आजही तो हात आठवतो. पुढे वर्ष व्हायच्या आत मागचा एक शॉकअप तेल गाळायला लागला. आखूड स्प्रिंग कडक असते, तिची उसळी आवरायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नसते, आणि तो सतत खालच्या टोकाला काम करत राहतो. म्हणून नुसत्या स्प्रिंगा घेऊ नकोस.

मग घ्यायचं काय? रोजच्या गाडीला एकमेकांसाठी बनवलेला स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड सगळ्यात बरा. बिलस्टाइनचा बी१२ संच तसाच आहे, त्यात आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा आणि खाली केलेल्या गाडीसाठीच बनवलेले आखूड बी८ शॉकअप एकत्र येतात. कॉइलओव्हरच हवं असेल तर केडब्ल्यूचा स्ट्रीट कम्फर्टसारखा आरामासाठी बनवलेला प्रकार बघ, ट्रॅकवाला नको. कॉइलओव्हरमध्ये उंची कमीजास्त करता येते, पण आपल्या पावसाळ्यातला चिखल त्याच्या आट्यांत बसतो. तो धुऊन काढायची तयारी हवी.

खाली किती करायची? २० ते २५ मिलिमीटर. त्यापुढे जाऊ नकोस, हट्ट समज माझा. गाडी फार खाली आली की पुढचे लोअर आर्म आडव्या रेषेच्याही वर कलतात, आणि वळणावर गाडी उलट जास्त झुकायला बघते. म्हणजे आराम गेला आणि ज्यासाठी खाली केली ती पकडही गेली. आपल्या नाशिकच्या रॅलीच्या गाड्या आठव. खडबडीत रस्त्यावर पळायचं म्हणून त्या उंच ठेवतात, चाकाला लांब चाल देतात. वेग हवा असणाऱ्यांनाही जागा लागतेच गं.

आता एक काम. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्टीलचा टेप घे. चाकाच्या मधोमधपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी माप घे आणि वहीत लिही. मग मागे तिघांना बसवून पुन्हा माप. पुढच्या बंपरखालचं आणि इंजिनच्या चेंबरखालचं अंतरही लिही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असेल तर हळू गेलं की निभतं. कॉलनीतले अरुंद, टोकदार गतिरोधक मात्र मापात बसत नाहीत, ते तूच तुझ्या रस्त्यावर मोजून घे.

मेकॅनिकला अजून एक सांग. शॉकअपच्या दांड्यावर, रबरी टोपण सरकवून, एक काळा केबल टाय घट्ट बांधायला लाव. दोन दिवस नेहमीसारखी गाडी चालव. टाय जिथवर सरकला तिथवर शॉकअप दबला. तो बंपस्टॉपला जाऊन टेकला असेल, तर आत्ताच जागा कमी पडतेय, अजून खाली करायचं स्वप्न थोडं लांबणीवर टाक.

आणि टायर बघ. २२५/४५ आर १७ टायरची बाजूची भिंत साधारण १०१ मिलिमीटर उंच असते, २२५/३५ आर १९ ची ७९. हे २२ मिलिमीटर रबर म्हणजे फुकटचा आराम आहे. खाली केलेल्या गाडीला मोठी चाकं लावून तो घालवू नकोस.

शॉकअप बसवताना टॉप माउंट आणि झिजलेले बूश त्याच वेळी बदल, नाहीतर नव्या संचाचाही खडखडाट होईल. आर्मच्या बूशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांग. हवेत लटकत असताना आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. मग व्हील अलाइनमेंट, आणि महिनाभराने परत एकदा. नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो.

शेवटचं, कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. परवानगीबाहेरच्या बदलाला मोटार वाहन कायद्यात एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. म्हणून पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचार, विमा कंपनीकडून लेखी घे, आणि काढलेले मूळ शॉकअप-स्प्रिंगा जपून ठेव.

आणि बघ, एवढं सगळं करून कदाचित कळेल की जुने शॉकअप थकलेत, तेवढे नवीन टाकले तरी गाडी खूश होते. तसं झालं तर खाली करायचा विचार सोडून द्यायला लाजू नकोस. गाडी तुझी, पाठ तुझी. रविवारी मापं घेऊन वही माझ्याकडे घेऊन ये, आपण दोघी बसून ठरवू.